एकशे तेरावा पतंग

दातांच्या डॉक्टरांना पतंगांतलं नेमकं किती कळतं, हा प्रश्न मंडळात कधी कोणी विचारला नाही. पांढरी चादर त्यांची, भगभगीत दिवा त्यांचा, दिव्याची बॅटरी त्यांची, आणि हे सगळं सामान ज्या गाडीतून येई ती गाडीही त्यांचीच. ज्याची गाडी त्याचं ज्ञान, असा मंडळाचा सरळ व्यवहार होता.

मंडळ म्हणजे तरी काय? महिन्यातून एकदा अंधार पडल्यावर कुणा एका सभासदाच्या बागेत जमायचं, दोन झाडांच्या मध्ये चादर ताणायची, तिच्यापुढे दिवा लावायचा आणि त्यावर येणारे पतंग ओळखायचे. फुलपाखरांना सगळं जग ओळखतं. ही त्यांची रात्रपाळीतली भावंडं, करड्या-तपकिरी अंगाची, यांना कोणी विचारत नाही. म्हणून आपण विचारतो, असं डॉक्टर म्हणत. दर वेळी म्हणत, आणि दर वेळी आत्ताच सुचल्यासारखं म्हणत.

पतंग ओळखण्याची त्यांची रीत धंद्यातूनच आलेली होती. एकदा वाकून बघायचं, "हं" म्हणायचं आणि निदान सांगून मोकळं व्हायचं. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात हत्यारं घालून बोलणाऱ्या माणसाला, समोरून उत्तरही येऊ शकतं याची सवय राहत नाही. नाव सापडलं नाही तर डॉक्टर ते जागच्या जागी पाडायचे. राजवर्खी, सुवर्णझालर, मखमली सरदार. यादीत इतके राजे आणि सरदार झाले होते की साधी प्रजा शोधायला भिंग लागावं. भूगोलाच्या निवृत्त बाई ते नाव वहीत उतरवून घेत आणि "किती चपखल!" म्हणत. एकदा उडत आलेलं वाळकं पान चादरीला चिकटलं, डॉक्टरांनी त्याला 'पर्णपंखी' म्हटलं, आणि बाईंना तेही चपखल वाटलं. हे मंडळातल्या मुद्रितशोधकांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

मुद्रितशोधक मागे उभे राहून हे सगळं बघत आणि मनातल्या मनात एकेकाची साल काढत. छापखान्यात चाळीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली होती. दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरलेला माणूस. दिवसात एक तरी चूक दिसली नाही तर त्यांना जेवण गोड लागत नसे. पण दिसलेली चूक बोलून दाखवायची तर तोंड उघडायला हवं, आणि तिथेच घोडं पेंड खाई. छापखान्यात बरं होतं. शंका आली की ओळीशेजारी समासात प्रश्नचिन्ह काढायचं, पुढचं लेखक बघून घेईल. लेखकाच्या मजकुराला आपण हात लावायचा नाही, हा त्या धंद्याचा पहिला नियम. म्हणजे आयुष्यभर त्यांनी समासातच संसार केला. शेकडो पुस्तकं हाताखालून गेली, एकातही त्यांचं नाव नव्हतं. बांधणी करणाऱ्याचं असे, कागद पुरवणाऱ्याचं असे. एका लेखकाने तर आपल्या मांजराचे आभार मानले होते. त्यातलं 'मांजर' दोनदा तपासून यांनीच बरोबर करून दिलं होतं.

घराच्या मागच्या दारावरच्या दिव्याला येणारे पतंग ते अकरा वर्षं एका वहीत टिपत होते. त्या वहीला मंडळात किंमत शून्य. कारण डॉक्टरांचा नियम असा की पतंग मंडळाच्या चादरीवर, अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत बसला, तरच तो यादीत जाईल. बाकी सगळ्या अफवा.

"काका, बोलवा की आम्हाला एकदा तुमच्याकडे," डॉक्टर म्हणत. "बाग आहे ना? की तीही वहीतच आहे?"

बाग होती. एक लिंबाचं झाड, एक पेरूचं, पाण्याच्या टाकीवर चढलेली वेल आणि बाकी वाटेल तसं वाढलेलं गवत. नव्हतं ते बोलावण्याचं धैर्य. एवढी माणसं येणार, चादर लागणार, आणि त्याच रात्री एकही पतंग फिरकला नाही तर?

मंडळाचं पुस्तक निघायचं ठरलं, तेव्हा ही पळवाट बंद झाली. पतंग एकशे बारा झाले होते. प्रुफं काका तपासणार, हे डॉक्टरांनी काकांना न विचारताच जाहीर केलं. त्याच दमात उरलेली एकच बाग म्हणून त्यांच्या घरची तारीखही ठरवून टाकली.

"एकशे बारा कसं पांगळं वाटतं," डॉक्टर म्हणाले. "एक तरी द्या काका तुमच्याकडचा."

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"येऊ देत की."

"पतंग आले नाहीत तर?"

"मग एकमेकांना ओळखतील. तेवढंच राहिलंय त्यांचं."

"तुला थट्टा सुचते."

"अहो, अकरा वर्षं रोज रात्री त्या दारापाशी तुमची जत्रा भरते. दार उघडं ठेवायची सोय नाही मला. त्यातलं एक येणार नाही होय?"

पण स्वतःच्या सहीवरही ज्याला भरवसा नाही, त्याने पतंगांवर काय ठेवावा? आदल्या रात्री, सगळीकडे निजानीज झाल्यावर, मुद्रितशोधक कॉफीची रिकामी बरणी घेऊन मागच्या दारी गेले. भिंतीवर नेहमीचा एक बसला होता. आगपेटीएवढा, गडद तपकिरी, आणि दोन्ही पंखांवरून आडवा गेलेला एक पांढरा पट्टा, जणू कोणी चुन्याचं बोट ओढलंय. वहीत त्यांनी त्याचं नाव चुनापट्टी ठेवलं होतं. इतका सर्रास की मंडळाच्या यादीत त्याचा नंबर चौथा होता. पण हा अंगापिंडाने मोठा, ताजा, देखणा होता. दुसरं कोणी आलं नाही, तर निदान एवढा तरी चादरीवर असावा. लग्नाला माणसं कमी पडतील म्हणून शेजाऱ्याला भाड्याने आणावं तसं. त्यांनी बरणी त्याच्यावर पालथी घातली, झाकणाला भोकं पाडली आणि बरणी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवली.

"अहो," मध्यरात्री अंधारातून आवाज आला, "तुमचं पाहुणं रात्रभर दार वाजवतंय."

"झोप तू."

"मी झोपते. त्याला सांगा."

दुसऱ्या दिवशीही अधूनमधून फडफड चालूच होती. संध्याकाळी मंडळ आलं. डॉक्टर, भूगोलाच्या बाई, कॅमेरेवाला आणि इतर चार-पाच जण. लिंबू आणि पेरूच्या मध्ये चादर ताणली गेली. सगळे बॅटरी उतरवायला गाडीकडे गेले तसे मुद्रितशोधक चादरीमागे गेले. अंधार पडला होता, चष्मा कपाळावर होता. त्यांनी झाकण काढून बरणी कापडाला लावली, हलकेच टिचकी मारली. पतंग कापडावर चढला. बरणी त्यांनी सदऱ्याखाली लपवली, आत नेऊन ओट्यावर ठेवली, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत आले. तो चेहरा त्यांना जमत नव्हता, पण त्यांच्या चेहऱ्याकडे कोण बघतंय!

दिवा लागला. आणि पाच मिनिटांत चादर भरून गेली. लहान, मोठे, हिरवे, राखाडी, बोटाएवढे, तांदळाएवढे. मुद्रितशोधकांना हसावं की रडावं कळेना. गावजेवणाला ते घरचे पाव किलो तांदूळ घेऊन गेले होते.

डॉक्टर मात्र वैतागत चालले होते. "हं, हा झालेला. हा झालेला. राजवर्खी, झालेला. काका, नवीन काही नाही हो तुमच्याकडे." ते चादर सोडायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. "थांबा. कोणी हलू नका."

चादरीच्या मागच्या बाजूने चढून कडेला येऊन बसलेला एक तपकिरी पतंग होता. त्याच्या दोन्ही पंखांच्या मधोमध रंगच नव्हता. नुसती काच. पंखांतून मागचं कापड दिसत होतं.

"काचपंखी!" डॉक्टर कुजबुजले.

"किती चपखल!" बाई म्हणाल्या.

कॅमेरेवाल्याने चाळीस फोटो काढले. फोनवर ओळख पटवून देणारं ते यंत्र असतं ना, त्याला त्यातले चार दाखवले. यंत्राने चार वेगवेगळी नावं सांगितली.

"बघा," डॉक्टर विजयी मुद्रेने म्हणाले, "यंत्रालाही माहीत नाही. म्हणजे नवीनच आहे."

याच न्यायाने डॉक्टरांना जे माहीत नव्हतं ते सगळंच नवीन ठरलं असतं, आणि जगात मग जुनं फारसं काही उरलं नसतं. मुद्रितशोधकांच्या मनात हे आलं, आणि त्याच वेळी त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढून प्रुफांचं जुनं भिंग बाहेर काढलं. वाकून बघितलं. उजव्या पंखातली खिडकी मोठी होती, डावीकडची लहान. निसर्ग दोन्ही पंख एकाच मापाने काढतो. अशी वेडीवाकडी खिडकी तो ठेवत नाही. कडेला तुटकेमुटके खवले होते. आणि डाव्या पंखाच्या अगदी टोकाला, नखाच्या अग्राएवढा, पांढऱ्या पट्ट्याचा तुकडा.

तो त्यांचाच चुनापट्टी होता. पतंगाच्या पंखावरचा रंग म्हणजे नुसती पूड. बोट लागलं तरी निघते. रात्रभर आणि दिवसभर काचेवर आपटून या बिचाऱ्याचं टक्कल पडलं होतं.

"काका!" डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "पुस्तकाचं शेवटचं पान. एकशे तेरा. आणि नाव तुमचंच द्यायचं. तुमच्या आडनावाचा काचपंखी! खाली तुमचं पूर्ण नाव, 'यांच्या बागेत प्रथम आढळला'. काय?"

चाळीस वर्षं. शेकडो पुस्तकं. मांजराचंसुद्धा नाव. मुद्रितशोधकांनी भिंग खिशात ठेवलं.

"नाही, म्हणजे... मला जरा शंका..."

"काका, तुम्हाला तुमच्या वाढदिवसाचीही शंका असेल!"

सगळे हसले. सगळ्यांबरोबर मुद्रितशोधकही हसले. डॉक्टरांना त्यांनी पुढे कधीतरी माफ केलं असतं. ते हसणं त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

मंडळ गेल्यावर ते स्वयंपाकघरात आले. बायको बरणी दिव्यासमोर धरून बघत होती. आतून सगळीकडे तपकिरी पूड बसली होती, आणि एका बाजूला, जिथे पंख सारखे घासले गेले होते तिथे, पांढुरका फराटा.

"नक्षी इथे राहिली," ती म्हणाली, "आणि पाखरू तिकडे गेलं. काय म्हणाले ते?"

"नवीन जात आहे म्हणाले."

ती ओट्याला धरून हसत सुटली. "टक्कल पडलं की नवीन जात? मग तुमच्या मंडळात चार नवीन जाती आहेत, त्यांचे फोटो काढा म्हणावं!"

"हळू बोल गं."

"सांगा ना त्यांना सरळ."

"बरणीचंही सांगावं लागेल."

"मग सांगा."

"हसतील."

"आत्ता काय रडत होते?"

ते स्टुलावर बसले. म्हणाले, "माझं नाव येणार होतं. छापून."

बायकोचं हसणं थांबलं. तिने बरणी खाली ठेवली, फडक्याने हात पुसले. "कोणाचं?" ती म्हणाली. "तुमचं, की बरणीचं?"

प्रुफं आठवड्याभरात आली. मुद्रितशोधकांनी पहिल्या पानापासून शिस्तीत वाचली, कारण शेवटच्या पानावर आधी उडी मारणं त्यांच्या धंद्याला शोभणारं नव्हतं. मग ते पान आलं. पानभर फोटो, आणि वर जाड टाइपात त्यांचं आडनाव. त्यांनी ते तीनदा तपासलं. दुर्दैवाने बरोबर होतं. चौथ्यांदा नुसतंच वाचलं. मग दरवाजा लावून घेतला, समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि वेगळ्या कागदावर सगळं लिहिलं. बरणी, झाकणाची भोकं, टिचकी, पूड, उजवी-डावी खिडकी. दोन्ही बाजू भरल्या, दुसरा कागद घेतला. कागदाला टाचणी लावून प्रुफं डॉक्टरांच्या दवाखान्यात नेऊन दिली आणि दोन रात्री झोपले नाहीत.

तिसऱ्या दिवशी प्रुफं परत आली. टाचणी होती तिथेच, होती तशीच. दुसऱ्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर कुणाच्या तरी अक्कलदाढेची वेळ टिपलेली होती. आणि समासातल्या प्रश्नचिन्हावर डॉक्टरांच्या ऐसपैस अक्षरात लिहिलं होतं: "काका, विनय पुरे! छापा."

आजवर लेखक उद्धट भेटले, आळशी भेटले, एक तर लिहितालिहिता झोपी जाणारा भेटला. पण आपलं पुस्तक न वाचता त्यावर सही ठोकणारा हा पहिलाच. मुद्रितशोधकांच्या कानशिलाशी काहीतरी गरम झालं. आपल्याला राग आला आहे हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला, कारण ओळख जुनी नव्हती.

ते छापखान्यात गेले. संगणकावर पानं लावणाऱ्या बाई त्यांच्या ओळखीच्या होत्या. केस पिकलेल्या, कमी बोलणाऱ्या.

"शेवटचं पान काढायचं," ते म्हणाले.

"म्हणजे? फोटो?"

"सगळं."

बाईंनी पडद्यावरचं जाड आडनाव वाचलं आणि मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "काका, हे तर तुमचं आहे."

"म्हणूनच काढता येतं. दुसऱ्याच्या मजकुराला मी हात लावत नाही."

"डॉक्टरांना सांगितलंय?"

"लेखी. दोन कागद."

हे खरंच होतं. तरी लाल पेनाने पानावर काट मारताना त्यांचा हात मध्येच थांबला. काट आडनावावरून जात होती. मग त्यांनी दात आवळले आणि रेघ पुढे ओढली. इतकी सरळ रेघ त्यांनी बऱ्याच वर्षांत मारली नव्हती.

"पान कोरं पडेल," बाई म्हणाल्या. "फर्मे ठरलेत, आता एक पान कमी करता येत नाही."

"वर एक ओळ टाका. 'वाचकांच्या नोंदींसाठी'."

"आणि मुखपृष्ठ छापून झालंय. त्यावर 'एकशे तेरा पतंग' आहे."

"मुखपृष्ठ डॉक्टरांचं. ते राहू दे."

प्रकाशनाला सभागृह बऱ्यापैकी भरलं. म्हणजे डॉक्टरांच्या खुर्चीत कधी ना कधी बसलेले सगळे आले होते. पुन्हा बसायचं असतं, न येऊन सांगता कोणाला? मुद्रितशोधक बायकोसह शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले. पळायचं झालंच तर सोपं पडावं म्हणून.

डॉक्टर बोलायला उभे राहिले. "एकशे तेरा!" त्यांनी पुस्तक उंच धरलं. "आणि त्यातला शेवटचा, एकशे तेरावा, तर तुम्ही बघाच." त्यांनी मोठ्या ऐटीत शेवटचं पान उघडलं, सभेकडे फिरवलं, आणि मग स्वतः बघितलं.

तोंड उघडंच राहिलं. त्यांच्या खुर्चीत पडणाऱ्या माणसासारखं, मोठा आ. मुद्रितशोधकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. आता सगळं येणार. काका, उभे राहा. काका, हे काय आहे. मग बरणी, मग हसू. त्यांनी उठायची तयारी केली. या वेळी खरंच बोलायचं, असं ठरवून.

पण विचारायचं तर आधी कबूल करावं लागणार होतं की छापून आलेलं पुस्तक आपण समारंभाआधी उघडूनही बघितलं नाही. डॉक्टरांनी तोंड मिटलं.

"हे पान," ते म्हणाले, आणि आवाज हळूहळू सापडत गेला, "हे पान आम्ही मुद्दाम कोरं ठेवलं आहे. एकशे तेरावा पतंग, मित्रहो, तुमच्या बागेत आहे! तो तुम्ही शोधायचा आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतून "किती चपखल!" ऐकू आलं.

"अहो," बायकोने कोपराने ढोसलं. ती पुस्तकाची पानं पुढेमागे करत होती. "मी मोजले. आत एकशे बाराच आहेत."

"हो."

"एकशे तेरावा तुमच्या बागेत आहे म्हणतात."

"म्हणतात."

तिने हनुवटीने व्यासपीठाकडे खूण केली. तिथे झगझगीत दिव्यांखाली डॉक्टर दोन्ही हात पसरून टाळ्या स्वीकारत होते. "कशाला शोधायचा? तो काय, दिव्यावर आलाय की."

मुद्रितशोधक हसले. मोठ्याने, भर सभेत, एकटे. तीन रांगांनी मागे वळून बघितलं आणि ते चक्क हसतच राहिले.

बाहेर पडताना डॉक्टरांनी त्यांना गाठलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. डॉक्टरांचे ओठ एकदा हलले.

"कोऱ्या पानाची कल्पना लोकांना फार आवडली, काका," ते म्हणाले.

"हो," मुद्रितशोधक म्हणाले. "तुमच्या भाषणात छान आली."

पुढे कधी डॉक्टरांनी काचपंखीचं नाव काढलं नाही.

घरी आल्यावर बायको कपडे बदलून पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली, तर नवरा फळीवरचे डबे बाजूला करत होता.

"आता काय?"

"बरणी कुठाय गं? एकदा पुन्हा बघतो म्हटलं. म्हणजे... खरंच नवीन असला तर?"

"धुतली. साखर भरली तिच्यात."

"धुतलीस? सगळा पुरावा होता त्यात!"

"मग काय फ्रेम करून लावू?"

ते मागच्या दारी गेले, दिवा लावला. भिंतीवर नेहमीच्या जागी एक बसला होता. गडद तपकिरी, आगपेटीएवढा, चुन्याचं बोट ओढल्यासारखा पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उजवा-डावा सारखा. त्यांनी भिंग लावून बघितलं, मग वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं: चुनापट्टी, एक.

पेन जरा थांबलं. मग हळूच समासाकडे वळलं.

"खबरदार," पाठीमागून आवाज आला.